घोंगडीत गुंडाळलेला कॅलिपर

वाळूजचा आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली होती. सकाळी सहाला पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या आमच्या कॉलनीतून जायच्या, त्यांच्या आवाजानं मी आपोआप उठून बसायचो. इतर कारखान्यांच्या बस येतच होत्या. माझी तेवढी बंद झाली होती. बायको म्हणायची, झोपा की अजून. पण झोप लागायची नाही, आणि उठून करायला काही नसायचं.

पहिलं वर्ष मी घरातल्या कड्या, नळ, पंखे दुरुस्त करण्यात घालवलं. मग शेजाऱ्यांचे नळ झाले. नंतर बिघडलेलं काही उरलं नाही. त्याच सुमाराला चिकलठाण्याकडं एका ओळखीच्या माणसाच्या बंद शेडमागं मी ती अँबॅसिडर पाहिली. बाभळीखाली उभी होती. चारी टायर जमिनीला चिकटलेले, टपावर शेंगांचा आणि पक्ष्यांच्या घाणीचा थर. शेड पाडायची होती, म्हणून गाडी भंगारात निघाली होती. मी ती घरी ओढून आणली. माझा तो निर्णय शहाणपणाचा होता असं मी आजही म्हणणार नाही. बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "ही चालू झाली की आपण कुठं जाणार?"

आम्हाला जायचं असं कुठं नव्हतंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, गावाकडचं शेत भावांनी वाटून घेतलेलं.

जुन्या गाड्या उघडणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की गाडीपेक्षा गाडीत सापडणाऱ्या वस्तू जास्त बोलतात. मलाही सापडल्या. पुढच्या सीटखाली मोडका कंगवा, दोन गोट्या, चिंचोके, लग्नपत्रिकेचा हळद लागलेला कोपरा. डॅशबोर्डच्या कप्प्यात एका भिंगाचा चष्मा आणि कसल्याशा गोळ्यांची रिकामी बाटली. हे सगळं मी एका डब्यात जमा करत गेलो. कुणाच्या तरी घरातला केर आपण गोळा करतोय असं वाटायचं, तरी टाकवत नव्हतं.

मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या उंचवट्यापाशी, बाजूला रेक्झिन लावलेली एक फळी असते. ती काढली तेव्हा पत्र्याच्या पोकळीत एक गाठोडं दिसलं. काळ्या घोंगडीचा तुकडा सुतळीनं गच्च बांधलेला. सुतळी हात लावताच तुटली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, वर चामड्याचं कडं, मध्ये गुडघ्यापाशी वाटीसारखा चामड्याचा तुकडा, खाली एक छोटा काळा बूट. बुटाच्या टाचेत पट्ट्या बसवलेल्या. सगळं मिळून माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा थोडं जास्त असेल.

मला तो काय प्रकार आहे ते कळलं नाही. शहागंजातले सीट शिवणारे चाचा माप घ्यायला आले होते. त्यांनी तो हातात घेतला, बुटात दोन बोटं घालून पाहिली आणि हळूच खाली ठेवला.

"ये तो बच्चे के पाँव का है भाई," ते म्हणाले. "पोलिओवाले बच्चे का. इसको कॅलिपर बोलते."

माझ्यासाठी कॅलिपर म्हणजे मापाचं हत्यार. एकतीस वर्षं तो माझ्या खिशात होता. त्याच नावाची ही दुसरी वस्तू मी पहिल्यांदा पाहत होतो. तिची घडण चांगली होती. पट्ट्यांच्या कडा नीट घासून गोल केलेल्या, कुणा कारागिरानं मन लावून केलेलं काम होतं. मी त्याचा गंज काढला, चामड्याला तेल लावलं. बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली की ते ज्याचं आहे त्याला देऊन या, नाहीतर कुठंतरी ठेवून द्या, माझ्यासमोर नको.

आरसी बुक माझ्याकडं होतंच. जुन्या पद्धतीचं, कापडी पाठीचं पुस्तक, त्यावर शहराचं नाव औरंगाबाद. पहिला मालक वकील, पत्ता समर्थनगरचा. गाडी नंतर दोन हात फिरून त्या शेडमध्ये गेली होती. मी पत्त्यावर गेलो. बंगल्याच्या जागी आता चार मजली इमारत होती. वॉचमनला वकिलांचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, वकील जाऊन खूप वर्षं झाली, त्यांची मुलगी तळमजल्याला असते.

दार कामाच्या बाईनं उघडलं. मागं चाकाच्या खुर्चीत साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, मांडीवर शाल. मी त्यांना पुढं ताई म्हणत गेलो, म्हणून इथंही तसंच लिहितो. मी गाडीचं सांगितलं. त्यांना आनंद झाला. गाडीचा रंग, हॉर्नचा आवाज, चढावर ती कशी धापा टाकायची, सगळं त्यांनीच मला सांगितलं. मग मी पिशवीतून कॅलिपर काढला.

त्यांनी हात पुढं केला नाही. कामाच्या बाईला त्यांनी चहा टाकायला आत पाठवलं आणि मला बसायला सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते असं. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. वकिलांचं पहिलं मूल. भाऊ नंतर झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की उंची वाढायची थांबेपर्यंत रोज कॅलिपर घालायचा, म्हणजे गुडघा सरळ राहील आणि मोठेपणी एका काठीवर चालता येईल. आई सकाळी पट्टे बांधायची. चामडं मांडीला घासून वळ उठायचे. शाळेच्या व्हरांड्यात चाललं की खट्‌खट् आवाज व्हायचा आणि पोरं तोंडानं तसा आवाज काढायची.

शाळेत न्यायला-आणायला ड्रायव्हर होता. दौलताबादच्या बाजूचा, धनगराचा तरुण मुलगा, घरातला गाडी शिकलेला पहिलाच. दुपारी गाडीत बसलं की ताई कॅलिपर काढून टाकायच्या. तो काही म्हणायचा नाही. घराच्या अलीकडच्या वळणावर गाडी उभी करायचा, मागचं दार उघडून खाली बसायचा आणि पुन्हा पट्टे बांधून द्यायचा. रोज. आईला हे कधीच कळलं नाही.

नऊ वर्षांच्या असताना, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी, त्यांनी तो सीटच्या कोपऱ्यातल्या सुटलेल्या फळीमागं कोंबला. घरी सांगितलं की काढून ठेवला होता, ड्रायव्हरकाकांनी गाडी पुसताना कुठं ठेवला माहीत नाही. वडिलांनी ड्रायव्हरला बोलावलं. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर विचारलं.

"तो माझ्याकडं बघत राहिला," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, आता हा सांगणार की मी रोज काढते. पण तो म्हणाला, माझ्या हातून हरवला, साहेब."

वकिलांनी त्याला महिनाअखेरपर्यंत ठेवलं आणि काढून टाकलं. ओळखीच्या लोकांनाही सांगितलं की माणूस बेफिकीर आहे. नवा कॅलिपर करायचा तर पुण्याला जाऊन माप द्यायला हवं होतं. वडिलांचा एक मोठा खटला चालू होता. आज जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करत सात-आठ महिने गेले. ताई सांगत होत्या की ते त्यांच्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे महिने होते. पुण्याला गेले तेव्हा गुडघा वाकून आखडलेला होता. आधी प्लास्टर, मग ऑपरेशन, मग दुसरं ऑपरेशन. पाय सरळ झालाच नाही. पुढची चाळीस वर्षं त्या दोन कुबड्यांवर चालल्या, वडिलांच्याच ऑफिसात टायपिंग केलं, नंतर दुसऱ्या वकिलांकडं. सगळं वजन खांद्यांवर घेऊन खांदे झिजले, आणि पाच वर्षांपूर्वी कुबड्याही सुटल्या.

"कॅलिपर असता तर चालले असते असं नाही," त्या म्हणाल्या. "नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण ते नक्की सांगता येत नाही, हेच मला जास्त त्रास देतं."

चहा आला होता, त्याच्यावर साय धरली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी बोललो. म्हटलं, नीट ठेवला होता तुम्ही, घोंगडीत बांधून, म्हणून इतकी वर्षं टिकला.

"कसली घोंगडी?"

मी पिशवीतून तो काळा तुकडा काढून दाखवला. सुतळीही ठेवली होती.

त्यांनी घोंगडी हातात घेतली. कॅलिपरला हात लावला नव्हता, पण ही घेतली. मग म्हणाल्या की मी नुसताच कोंबला होता, घाईत, एका हातानं. आमच्या घरात घोंगडी नव्हतीच. ती ड्रायव्हरच्या सीटवर असायची, थंडीत तो पाठीशी घ्यायचा.

दोघांनाही एकदमच कळलं. पत्र्याच्या पोकळीत मोकळं लोखंड पडलं तर गाडी हलताच खडखडणार. जो माणूस रोज ती गाडी चालवतो त्याला तो आवाज पहिल्याच दिवशी ऐकू येणार. त्याला तो सापडला होता. त्यानं तो बाहेर काढला, आवाज येऊ नये म्हणून आपली घोंगडी फाडून त्यात बांधला आणि परत तिथंच ठेवून वरची फळी ठोकली. नोकरी जात होती तरी बोलला नाही.

मला वाटलं ताईंना रडू येईल. आलं नाही. त्यांचा चेहरा आवळला गेला. पन्नास वर्षं, त्या म्हणाल्या, मी त्या माणसाशी केलेलं पाप वाहिलं. मी खोटं बोलले आणि त्याची भाकरी गेली, हे मनातून एक दिवस गेलं नाही. आणि त्याला माहीत होतं.

"मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "तो मोठा माणूस होता. त्यानं सांगायला हवं होतं."

निघताना त्यांनी विचारलं की गाडी चालू होईल का. मी म्हटलं, दोन महिन्यांत होईल. तर त्या म्हणाल्या, झाली की मला त्याच्याकडं न्या. जिवंत असेल तर मला एवढंच विचारायचंय, का नाही सांगितलं.

त्या दोन महिन्यांत मी जेवढं काम केलं तेवढं कारखान्यातही केलं नसेल. सकाळी बस गेली की मी गाडीखाली. बायको म्हणाली, आता तुम्ही माणसात आलात. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचं किंवा ड्रायव्हरचं फार काही पडलं नव्हतं. कुणीतरी एका ठरलेल्या दिवशी माझ्या कामाची वाट बघतंय, एवढंच मला हवं होतं.

मध्ये एकदा मोटरसायकलवर जाऊन मी घर शोधून आलो. ताईंना ड्रायव्हरचं आडनाव आठवत होतं. दौलताबादला किल्ल्याखालच्या हॉटेलात विचारलं, तिथून मागच्या अंगाच्या एका वस्तीवर पाठवलं. "डायवरचं घर व्हय?" एकानं विचारलं. "त्यो तर मेला की चार सालं झाली. म्हातारी हाय त्याची." नोकरी गेल्यावर त्याला शहरात पुन्हा गाडी मिळाली नव्हती. तो परत मेंढरांमागं गेला, मेंढरं विकल्यावर खडी फोडायला. त्यानंतर त्यानं कधी गाडी चालवली नव्हती, पण वस्ती त्याला मरेपर्यंत डायवरच म्हणत होती.

तो गेल्याचं मी ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, बायको आहे ना, तिला माहीत असेल.

आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. मी आणि कामाच्या बाईनं ताईंना उचलून मागच्या सीटवर बसवलं. चाकाची खुर्ची घडी करून डिकीत ठेवली. त्यांनी डावीकडं सरकून त्या कोपऱ्यातल्या फळीवर हात ठेवला, नवीन रेक्झिन होतं, मग काढून घेतला. पडेगाव, मिटमिटा मागं पडलं. गाडी चांगली चालत होती. लोक वळून बघत होते, एका मोटरसायकलवाल्यानं शेजारून जाताना फोटो काढला. ताई सबंध रस्ता मनाशी काहीतरी जुळवत होत्या. एकदा म्हणाल्या, आधी माफी मागावी की आधी विचारावं? मी म्हटलं, तुम्हाला वाटेल तसं.

वस्तीत रस्ता घरापर्यंत जात होता. पत्र्याचं घर, पुढं कडुलिंब, त्याखाली बाज. म्हातारी बाजेवर बसली होती. तिला मोतीबिंदू होता, गाडीचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली. मी उतरून जवळ गेलो आणि सांगितलं की मावशी, वकीलसाहेबांची मुलगी आलीये, तुमचे मालक ज्यांच्याकडं गाडीवर होते त्यांची.

म्हातारीचं तोंड एकदम उजळलं. "वकीलसायबाची? बेडीवाली पोर?"

मी डिकी उघडायला मागं वळलो, तोवर ती काठी टेकत गाडीपाशी पोचलीही होती. ताईंच्या खिडकीला दोन्ही हात धरून वाकली.

"आली व्हय गं? लई ऐकलंय तुझं," ती म्हणाली. "त्यो सगळ्यास्नी सांगायचा. नातवंडास्नी बी सांगायचा. एका पोरीच्या पायातली बेडी काढली म्या, म्हणायचा."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी डिकीपाशीच थांबलो.

म्हातारी सांगत राहिली. त्यानं पोरीच्या मांडीवरचे वळ पाहिले होते. रोज स्वतःच्या हातानं पट्टे आवळायचे आणि घरी येऊन भाकरी खाता खाता गप्प बसायचं, असं चाललं होतं. ज्या दिवशी ती वस्तू त्याला गाडीत सापडली त्या दिवशी त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

"म्या म्हणलं, सायबाला द्या नेऊन, नोकरी वाचंल. माझ्या पोटात पहिलं लेकरू व्हतं तवा. तर म्हणला, दिली की उद्या परत घालतेत तिला. मेंढराला बी आपण दाव्यावर दिसभर ठिवत नाय. मंग म्या बी गप बसले." तिनं खिडकीतून हात आत घालून ताईंचा दंड चाचपला. "नोकरी गेली तर गेली. पर त्यो मरंस्तवर म्हणायचा, पोर पळत आसंल आता कुठंतरी. मंग? पळायला लागलीस का नाय?"

ताईंनी गुडघ्यावरची शाल थोडी वर ओढली.

"लागले की, मावशी," त्या म्हणाल्या. "खूप पळाले."

"लगीन, लेकरंबाळं?"

"आहेत."

म्हातारी हसली. तिनं सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि ताईंना म्हणाली, "उतर मग. बाजंवर बस. त्याचा फोटो हाय आत, दावते."

ताईंनी मान हलवून मला खूण केली. खुर्ची काढू नका. मग म्हातारीला म्हणाल्या की आज घाई आहे, पुढं वेरूळला जायचंय, माणसं वाट बघतायत. म्हातारी पुन्हा म्हणाली. ताई पुन्हा नाही म्हणाल्या. सून चहा घेऊन आली, तो त्यांनी गाडीतच घेतला. सुनेनं फोटोही बाहेर आणून दाखवला. पासपोर्ट मापाचा फोटो मोठा केलेला, पांढऱ्या टोपीतला म्हातारा. ताईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि परत दिला. ज्या माणसाला त्या ओळखत होत्या तो वीस-बावीस वर्षांचा होता, हा कुणी दुसराच दिसत असणार.

कप परत द्यायला मी अंगणात गेलो. म्हातारी बाजेवर जाऊन बसली होती. मला पाहिलं नाही तिनं, सुनेशी बोलत होती. आवाजात राग नव्हता.

"मोठ्याची लेक हाय. आपल्या दारात पाऊल नाय टाकलं तिनं," ती म्हणाली. "त्यो असता तर त्याला वाईट वाटलं असतं."

मी कप ओट्यावर ठेवले आणि परत आलो. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं की नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. म्हाताऱ्या बाईला एवढंच सांगायचं होतं की ताई उतरू शकत नाहीत. पण मग ती विचारणार, का? आणि ते सांगितलं की त्या मेलेल्या माणसानं आयुष्यात केलेलं एकच मोठं काम, ज्याच्यासाठी त्या घरानं मेंढरं राखली, खडी फोडली, ते तिच्या हातातून काढून घ्यावं लागणार होतं. छोटं दुःख पुसायचं तर मोठं द्यावं लागत होतं. मी गाडी चालू केली.

येताना मिटमिटा आलं. ताई म्हणाल्या, विचारायचं राहिलंच. मी म्हटलं, तिनं न विचारताच सांगितलं की. त्या म्हणाल्या, हो, तिनं सांगितलं. पुन्हा थोड्या वेळानं, "मी उतरले नाही म्हणून तिला काही वाटलं असेल का हो?"

"नाही," मी म्हणालो. "खूश होती."

घरी पोचल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं. कॅलिपरची पिशवी गाडीतच होती, मी ती पुढं केली. त्यांनी घेतली नाही. घोंगडीचा तुकडा ठेवू का, असं विचारलं, तर म्हणाल्या की आधी मला वाटत होतं त्याच्यावर रागवायचं, आता तेही करता येत नाही, मग घरात ठेवून काय करू. दार लावताना त्यांनी गाडीबद्दल आभार मानले. त्या फार दमलेल्या दिसत होत्या. मी पुन्हा फोन केला तेव्हा त्या भावाकडं पुण्याला गेल्या होत्या. तिथं त्यांना एका सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवल्याचं नंतर वॉचमनकडून कळलं. तळमजल्याला भाडेकरू आले.

गाडी त्यानंतर मी तीन-चार वेळाच काढली असेल. बायकोला देवदर्शनाला नेलं, एका लग्नाला नेली. एके दिवशी जालना रोडच्या एका हॉटेलवाल्यानं ती मागितली आणि मी दिली. आता ती त्याच्या फाटकापाशी चौथऱ्यावर उभी आहे. इंजिन काढून टाकलंय, बॉनेटवर प्लास्टिकची फुलं आहेत, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा बघत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर मी एकदा मोटरसायकलवर त्या वस्तीवर गेलो होतो. काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. फार तर एवढंच म्हणणार होतो की ताई आजारी होत्या त्या दिवशी. तेवढं खोटं पुरेल असं वाटलं होतं. घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली की मुलगा आणि सून उसाच्या कामाला गेलेत आणि म्हातारीला लेकीकडं कन्नडला ठेवलंय, तिला आता काहीच दिसत नाही. काही निरोप आहे का, तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, असाच आलो होतो.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. भेटली का, तिनं विचारलं. नाही म्हटलं. मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.